काळ्या दोऱ्याची तीट

कुंची मिळणार नाही. दारात येणाऱ्यांना मी हेच सांगते आणि फोनवरही हेच. तरी माणसं ऐकत नाहीत. परवा पिंपळगावहून मायलेकी आल्या, लेकीच्या खांद्यावर तान्हं बाळ. "लंकाबाई इथंच राहतात ना? बारशाला कुंची हवी होती." मी म्हटलं, त्या आता शिवत नाहीत. आई म्हणाली, "माझ्या या लेकीलासुद्धा त्यांच्याच हातची होती हो. निदान विचारून तर बघा." आत खाटेवर बसून माझी नणंद सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं, तर तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग त्या दोघींना चहा पाजला, बाळाच्या मुठीत नोट कोंबली आणि दारापर्यंत सोडून आले.

लंकाबाई म्हणजे आमच्या यांची थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणते. ओझरच्या या घरात लग्न होऊन आल्यापासून मी आणि ती एका चुलीवर आहोत. आमचं एकमेकींशी कधी पटलं नाही आणि एकमेकींवाचून करमलंही नाही. मी तोंडाची फटकळ, ती घुमी. मी दिवसभर बडबड करायची, आणि ती सुई चालवता चालवता संध्याकाळी एकच वाक्य बोलायची. ते मात्र असं बोलायची की माझी झोप उडावी.

तिचं सासर नांदगावचं. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि ही एक पत्र्याची पेटी घेऊन भावाच्या दारात आली. मी तेव्हा नवी नवरी. खोटं कशाला बोलू, मला नाही आवडलं. घरात आधीच सासू, त्यात ही भर. पेटीत काय होतं, तर चार लुगडी आणि सुयांचा एक डबा. तो डबा तिच्या सासूनं दिलेला. कुंचीही त्या सासूनंच शिकवली होती. नवऱ्यानं टाकलं, पण सासू गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत सोडायला आली आणि डबा हातात देऊन रडली, असं अक्का सांगायची. त्या बाईबद्दल एक वाईट शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नाही. नवऱ्याबद्दल चांगला-वाईट कुठलाच ऐकला नाही.

आजकालच्या पोरींना कुंची फोटोपुरती माहीत असते. बाळाच्या डोक्याला टोपडं, आणि त्यालाच जोडून पाठीवरून पायांपर्यंत सोडलेला घेर. वरून खणाचं कापड, आतून जुन्या मऊ लुगड्याचं अस्तर. पण अक्काची कुंची ओळखायची ती भरतकामावरून. पाठीवर मधोमध कोयरी, दोन बाजूंना दोन पोपट, खाली चिमण्यांची ओळ. साखळी टाक्यानं रेघ काढायची, गहू टाक्यानं पंख भरायचे. छापा नाही, पेन्सिलीची खूण नाही. पोपटाचं पोट आधी आणि चोच अगदी शेवटी. एकदा मी विचारलं, चोच आधी का नाही काढत? म्हणाली, "आधी चोच दिली तर खायाला मागंल." ही थट्टा करते की खरंच सांगते, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तिचा एक नेम होता. बाळ जन्माला आल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. आपल्याकडे तसंही पोटातल्या बाळासाठी नवं कापड कुणी आणत नाही, पण बाकीच्या बायका निदान डोळा चुकवून खण तरी घेऊन ठेवतात. ही खणाला शिवायचीसुद्धा नाही. बाळ आलं की त्याच्या घरी जायची, दोऱ्यानं डोक्याचं माप घ्यायची आणि मग घरी येऊन कापड कापायची. "ज्याचं तोंड नाय पाह्यलं, त्याची कुंची कशी शिवायची?" एवढंच तिचं म्हणणं.

आणि शेवटचा टाका तर ती आपल्या घरात घालतच नसे. बारशाच्या दिवशी कुंची घेऊन जायची, बाळाला मांडीवर घ्यायची, चेहरा नीट न्याहाळायची आणि मग कुंचीच्या आतल्या अंगाला, डाव्या कानाशी, काळ्या दोऱ्याची एक गाठ घालायची. बाळाच्या गालाला काजळाची तीट लावतात ना, तशी ही कुंचीची तीट. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. दोरा दातानं तोडायची आणि आईला म्हणायची, "घे, आता ही बाळाची. मोठं झालं की दाखवाया आण." तीट लागेपर्यंत कुंची अक्काची, लागली की बाळाची. हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की ती तोंड उघडायच्या आत मला ते ऐकू यायचं. आणि माणसं खरंच दाखवायला आणायची. मिसरूड फुटलेले पोरगे आमच्या ओट्यावर लाजत उभे राहायचे, आणि अक्का त्यांची डोकी चाचपून बघायची.

आमचा रवी झाला तेव्हा तिनं या घरात पहिली कुंची शिवली. माझ्या मुलाला मांडीवर घेऊन ती तीट लावत होती, आणि मी बाळंतिणीच्या खाटेवरून तिचा चेहरा बघत होते. त्या दिवशी माझा तिच्यावरचा राग गेला. निम्मा तरी गेलाच. रवीनंतर मला मूल झालं नाही. रवीला तिनं माझ्याइतकंच वाढवलं, लाड तर माझ्यापेक्षा जास्त केले. मी मारायला धावले की तो तिच्या लुगड्यामागे लपायचा.

काम काही कायम तेवढं राहिलं नाही. नाशिकला दुकानात मशिनवर भरलेल्या कुंच्या लटकायला लागल्या. चकचकीत सॅटिन, पोपटाच्या जागी अस्वलं. गल्लीतल्या किती पोरींना अक्कानं शिकवलं, पण द्राक्षांचा हंगाम आला की सगळ्या पेट्या भरायला पॅकहाउसला पळायच्या. त्यांचं तरी काय चुकलं, तिथं रोजचा रोज मिळतो. मग रवीचं लग्न झालं आणि दिशा घरात आली. दिशा पिंपळगावला एका पॅकहाउसच्या ऑफिसात काम करते. तिनं कुंच्यांचे फोटो काढून मोबाईलवर टाकले आणि पुन्हा माणसं यायला लागली. नाशिकच्या, पुण्याच्यासुद्धा. पण त्यांना कुंची हवी असायची डोहाळजेवणात, पाळण्यात ठेवून फोटो काढायला. अक्का साफ नाही म्हणायची. मी चिडायचे. म्हटलं, अगं, गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि तू नेम सांगत बसतेस. ती दोरा ओवत राहायची.

मग तिचे डोळे बिघडले. आधी आम्हाला वाटलं मोतीबिंदू, म्हणून निवांत होतो. ती उंबऱ्याला अडखळायची, ताटाशेजारचा तांब्या लवंडायची, आणि मी ओरडायचे की लक्ष कुठं असतं तुझं. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून टिकते तेवढी टिकवायची. तिला कडेचं दिसेनासं झालं होतं, फक्त समोरचं दिसायचं, नळीतून बघितल्यासारखं. आणि नळी बारीक होत चालली होती. अक्कानं डॉक्टरांना एकच विचारलं, "आणखी एक साल निघंल का?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

तिनं एक साल का मागितलं ते मला ठाऊक होतं. दिशाला दिवस गेले होते. घरात मुलगी नाही, म्हणून रवीच्या बाळाची कुंची आणायचा आत्याचा मान अक्काचाच. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "वयनी, त्याचं तोंड पाहून तीट लावली, की डोळे गेले तरी चालतील." दुसरं काही मागणं तिचं नव्हतं. सगळ्या आयुष्यात देवाकडे तिनं काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. हे एक मागितलं.

महिने चालले होते तशी नळी आवळत होती. एका दुपारी मी मागच्या पडवीत गेले, तर अक्का खिडकीला नाक लावून बसलेली, मांडीवर लाल खण. मला धक्काच बसला. मी विचारलं, "ही कुणाची?"

"माझी."

"अगं बाई, या वयात कुंची घालून कुठं निघालीस?"

ती हसली नाही. म्हणाली, "तीट लावेस्तोवर कुंची माझीच आसती, वयनी. मी तीट नाय लावणार. बाळ आलं की लावीन. तवर ही माझी. मंग नेम कुठं मोडला?"

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण ती मानते, आणि मानणाऱ्या बाईनं अशी पळवाट काढलेली मी पहिल्यांदाच बघत होते. मला तिची कीव आली. बाळाच्या जन्मापर्यंत तिला सुईचं टोक दिसलं नसतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मी काही बोलले नाही. माझ्यासारखी बोलली नाही म्हणजे बघा.

दिशाला कळलं तेव्हा ती खूश झाली. ऑफिसातून आली की पोट सावरत अक्काशेजारी बसायची. सुईत दोरा ओवून द्यायची, रंग सांगायची. अक्काला हिरवा आणि निळा वेगळा कळेनासा झाला होता. एका दुपारी दिशा घरी नव्हती, तेव्हा अक्कानं पोपटाचा एक पंख निळा भरला. संध्याकाळी कळल्यावर उसवायला निघाली. दिशानं तिचा हात धरला. "राहू द्या आत्या. असला पोपट दुसऱ्या कुणाकडे नसेल. मी त्याला सांगेन, हा तुझ्या आत्याआजीनं खास तुझ्यासाठी काढलाय." अक्कानं पंख उसवला नाही. अशी कुंची तिनं कधी केली नव्हती. टाके वाकडेतिकडे होते, मला दिसत होते. तरी तिच्या सगळ्या कुंच्यांत मला तीच आवडली.

नववा महिना लागला होता. सकाळी दिशा नाहून आली आणि पोट धरून खाली बसली. अंगावरून रक्त जायला लागलं. रवीनं गाडी काढली. अक्का म्हणाली मीही येते. मी म्हटलं, तू कशाला. तर ती आधीच कापडी पिशवी छातीशी धरून दारात उभी. पिशवीत काय आहे हे मला माहीत होतं. कुंची, आणि काळा दोरा ओवून ठेवलेली सुई. तिला बारशापर्यंत थांबायचं नव्हतं. बाळ आलं की तिथंच त्याचं तोंड बघायचं होतं.

रस्ता मोकळा होता. नाशिकला पोचलो तर डॉक्टर तयार होते. कुणीही हयगय केली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण दोष द्यायला कुणीतरी सापडलं असतं तर बरं झालं असतं. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तरुण होत्या, त्यांचे स्वतःचे डोळे भरलेले. म्हणाल्या, दिशा ठीक आहे. वार वेळेआधी सुटली, बाळाला आम्ही वाचवू शकलो नाही. मुलगा होता. असं कधीकधी होतं, कुणाची चूक नसते.

रवी भिंतीला टेकून खाली बसला. आमचे हे त्याच्या शेजारी. मला रडू येईना. मी अक्काकडे बघितलं. ती बाकावर बसून पायानं ती पिशवी बाकाखाली ढकलत होती, कुणाला दिसू नये अशी.

मी तिच्याजवळ गेले. ती हळू म्हणाली, "वयनी, ही पिशवी गंगेत सोडून ये."

"का?"

"मी सुई लावली. तो यायच्या आधी लावली."

मग माझं डोकं फिरलं. त्या दवाखान्यात, माणसांसमोर, मी तिला वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुझी सुई एवढी मोठी लागून गेली का? डॉक्टर शिकलेल्या, त्या सांगतात वार सुटली, त्या खोट्या आणि तू खरी? माझं नातवंड गेलं, त्यात आता तुझं हे घेऊन बसू? ती खाली मान घालून ऐकत होती. मी ओरडत होते कारण ओरडायचं थांबले असते तर कोसळले असते. आमच्या यांनी मला खांद्याला धरून बाजूला नेलं.

दुपारी दिशाला शुद्ध आली. तिला सांगितलं. ती छताकडे बघत पडून राहिली, मग म्हणाली, मला बघायचाय. नर्सनं बाळ आणलं, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं. दिशानं त्याला कुशीत घेतलं, बोटं मोजावी तशी एकेक बोट धरून बघितलं. आणि मग मला विचारलं, "आई, आत्या कुठायत? कुंची आणलीय ना त्यांनी?"

अक्का दाराबाहेर उभी होती. आत येईना. म्हणाली, "माझ्या हातानं नको, पोरी. माझ्या हातानं नको."

"तुमच्याच हातानं," दिशा म्हणाली. तिला बोलायचं बळ नव्हतं, तरी म्हणाली. "त्याला असं फडक्यात नाही पाठवायचं मला. त्याचा पोपट त्याला द्या."

मी बाहेर गेले, बाकाखालून पिशवी काढली आणि अक्काचा हात धरून तिला आत आणलं. खिडकीजवळ खुर्चीवर बसवलं. बाळ उचलून तिच्या मांडीवर दिलं. आयुष्यात एवढं हलकं ओझं मला इतकं जड कधी झालं नव्हतं.

"उजेडाकं कर," ती म्हणाली.

मी बाळाचं तोंड उजेडाकडे केलं. ती वाकली, इतकी की तिचं नाक त्याच्या कपाळाला लागलं. सगळा चेहरा तिला एकदम दिसत नव्हता. तिनं आधी कपाळ बघितलं. मग मान जरा हलवून डोळे. मग नाक. मग ओठ. असं तुकड्या-तुकड्यानं तिनं त्याला बघितलं. "कपाळ रवीचं हाय," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "हनुवटी तुझी, दिशा." दिशा उशीवर मान वळवून बघत होती.

अक्कानं फडकं बाजूला केलं आणि त्याला कुंची घातली. कुंची मोठी झाली. माप न घेता शिवलेली, बारा दिवसांच्या बाळाच्या अंदाजानं. टोपडं डोळ्यांवर घसरत होतं. तिनं बोटानं चाचपून पाठीमागे दोन चुण्या घेतल्या आणि बसवल्या. मग पिशवीत हात घालून काळ्या दोऱ्याची सुई काढली.

माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "अक्का, तीट राहू दे गं. आता त्याला कुणाची दृष्ट लागायचीय?" आणि तिथं मी रडले. सकाळपासून आलं नव्हतं ते सगळं तेव्हा आलं.

"तीट लावल्याबिगर ती त्याची नाय व्हायची, वयनी," ती म्हणाली.

डाव्या कानाशी, आतल्या अंगाला, तिनं गाठ घातली. डोळ्यांनी नाही, बोटांनी. दोरा दातानं तोडला. मग दिशाकडे तोंड करून म्हणाली, "घे. आता ही बाळाची."

पुढचं वाक्य मला ऐकू आलं. तिनं ते म्हटलं नाही. तिचे ओठ हलले आणि मिटले. दिशालाही ते पाठ होतं, किती कुंच्यांच्या वेळी ती बरोबर गेलेली. दिशा रडायला लागली आणि अक्का मांडीवरच्या बाळाला थोपटत राहिली.

लहान लेकरांना जाळत नाहीत, मातीत ठेवतात. रवी आणि हे घेऊन गेले. जाताना कुंचीचा घेर रवीच्या हातावरून खाली लोंबत होता आणि त्यावरचा निळ्या पंखाचा पोपट मला दारापर्यंत दिसत होता.

दिशा आता कामावर जाते. अक्काला तिनं कधी बोल लावला नाही. उलट तिच्या डोळ्यांत थेंब तीच घालते. अक्काला अजून थोडं दिसतं, कुणी दोरा ओवून दिला तर बोटांनी चाचपून शिवता येईल एवढं. पण सुयांचा डबा तिनं पेटीत टाकला आणि पेटीवर माझी जुनी लुगडी रचली. मी तिला किती वेळा सांगितलं, की तुझ्यामुळं काही झालेलं नाही. दिशानं सांगितलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं. ती सगळ्यांना हो म्हणते.

परवा त्या मायलेकी गेल्यावर मी तिच्याशेजारी जाऊन बसले. म्हटलं, त्यांचं बाळ तर जन्मलेलं होतं, अक्का, मी डोळ्यांनी पाहिलं, चांगलं गुटगुटीत होतं. एक कुंची शिवली असतीस तर काय बिघडलं असतं? तिनं भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "वयनी, मी म्हटलं व्हतं ना, तीट लावेस्तोवर माझी. ते खोटं व्हतं. पयल्या टाक्यापासून ती त्याचीच व्हती. मला म्हाईत व्हतं."

माझ्या तोंडाला कधी कुलूप नसतं. वार सुटली, सुईचा काही संबंध नाही, हे मी तिला पुन्हा सांगू शकले असते. पण ती सुईचं बोलतच नव्हती. पहिल्या टाक्यापासून तिनं त्याला आपला मानलं होतं, न बघता, आणि ते मला खोडता येईना. मी उठले आणि तिच्या थेंबांची बाटली शोधायला लागले.